निळं येईपर्यंत

सिडनीतल्या आमच्या पेंडल हिलच्या घरात फ्रीजर उघडला की सगळ्यात आधी विष दिसायचं. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, निळंशार. डब्यावर जाड मार्करने तीन भाषांत लिहिलेलं: विष, जहर, पॉयझन. खाली एक कवटी. काढणाऱ्या बाईंना चित्रकला अजिबात येत नसल्यामुळे ती कवटी किंचित हसल्यासारखी दिसायची. डब्याच्या एका बाजूला खवलेला नारळ, दुसऱ्या बाजूला गणपतीत जास्त झालेले मोदक. राहायला आले त्या दिवशी बर्फ घ्यायला मी फ्रीजर उघडला आणि तसाच बंद केला.

"घाबरू नकोस," मागून आवाज आला. "टेस्ट चाललीय."

या आमच्या घरमालकीणबाई. मूळच्या पुण्याच्या, वेस्टमीडला पॅथॉलॉजी लॅबमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झालेल्या. मुलगा परदेशी, काका जाऊन बरीच वर्षं झालेली. रिकाम्या खोल्या त्या आमच्यासारख्या नव्याने आलेल्या मराठी पोरापोरींना भाड्याने देत. आम्ही सगळे त्यांना काकू म्हणायचो. त्या सगळ्यांना अरेतुरे करायच्या, आणि सगळ्यांच्या गाड्यांना सुद्धा.

टेस्ट म्हणजे काय ते सांगते. गाडीच्या बॉनेटखाली एक लहानशी टाकी असते. स्टिअरिंगजवळची दांडी ओढली की तिच्यातलं पाणी पुढच्या काचेवर उडतं आणि वायपर काच पुसून काढतात. आपण सगळे त्या टाकीत नळाचं पाणी भरतो आणि विसरून जातो. खऱ्या थंडीच्या प्रदेशात मात्र हे पाणी गोठतं. टाकीत गोठतं, नळीत गोठतं, बारीक भोकांच्या तोंडाशी गोठतं, आणि दांडी ओढली की आतून नुसती घरघर ऐकू येते. म्हणून तिथे न गोठणारं, अल्कोहोल घातलेलं निळं पाणी भरतात. काकूंचा बाटलीवरच्या लेबलवर विश्वास नव्हता. नवी बाटली आणली की त्यातलं थोडं श्रीखंडाच्या डब्यात काढून त्या फ्रीजरमध्ये ठेवायच्या आणि सकाळी चहाच्या आधी डबा कानाशी धरून हलवायच्या. आतून डुचमळण्याचा आवाज आला की म्हणायच्या, "पास." नाही आला तर ती बाटली नापास, आणि विकणाऱ्या दुकानदाराची सकाळ वाईट.

आता गंमत अशी, की पेंडल हिलमध्ये काहीही गोठत नाही. अगदी कडाक्याच्या थंडीत लोक एक स्वेटर चढवतात आणि तोही दुपारी काढून कमरेला बांधतात. आमच्या घरात निखिल नावाचा एक आयटीवाला होता. तो एकदा म्हणाला, "काकू, मी जुलैच्या थंडीत शॉर्ट्सवर फिरतो इथे. कशाला एवढं टेन्शन घेता?"

"तू फीर," काकू म्हणाल्या. "पण उद्या कोणी म्हणालं चला बर्फ बघायला, तर तू जाशील ना लगेच उठून? शॉर्ट्स बदलशील. टाकी बदलशील?"

निखिलने कधीच टाकी बदलली नसती, त्यामुळे त्याने वाद घातला नाही.

काकूंना भेटणाऱ्या माणसांची फार पंचाईत व्हायची. गणपतीच्या आरतीला, कोणाच्या बारशाला, देशी दुकानाच्या दारात कोथिंबीर निवडताना, कुठेही त्या 'कसे आहात' असं विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "टाकीत काय आहे?" समोरचा बिचारा म्हणायचा, पाणी. त्यावर काकू ज्या सुरात "नुसतं पाणी?" म्हणायच्या, त्या सुरात आपल्याकडे पाहुण्याला वाढताना "नुसता भात?" म्हणतात. लोक हसायचे, आणि पुढच्या आठवड्यात बर्फाला जायचं ठरलं की गपचूप आमच्या दारात गाडी आणून उभी करायचे. काकू चष्मा डोक्यावर चढवून बॉनेटखाली वाकायच्या. आधी टाकीतलं सगळं पाणी फवारून संपवायचं, मग निळं भरायचं. माणूस आभार मानून निघायला लागला की त्या गाडीच्या पुढे उभ्या राहायच्या.

"दांडी ओढ."

"भरलं ना काकू?"

"टाकीत भरलंय. नळीत अजून जुनं पाणीच आहे. ओढ. निळं येईपर्यंत ओढ."

हे त्यांचं वाक्य. निळं येईपर्यंत. फवारा आधी पांढरा यायचा, मग फिकट, मग काचेवर खरा निळा रंग उतरायचा, आणि तेव्हाच काकू गाडीसमोरून बाजूला व्हायच्या. हे वाक्य पुढे आमच्या घरात कशालाही चिकटलं. निखिल इंटरव्ह्यू देऊन देऊन कंटाळला तेव्हाही त्या त्याला हेच म्हणाल्या होत्या, आणि चौथी पोळी वाढली होती.

साड्यांचं प्रकरण वेगळंच. काकूंना भेट मिळालेल्या सगळ्या नायलॉनच्या साड्या गाड्यांच्या होत्या. दंव पडणाऱ्या गावी मुक्काम असेल तर संध्याकाळीच काचेवर साडी पसरायची, दोन्ही टोकं दारात अडकवायची, म्हणजे सकाळी काच खरवडत बसावं लागत नाही. "सुती नको हं," त्या बजावायच्या. "सुती भिजते आणि काचेला चिकटून बसते. नायलॉनची झटकली की मोकळी." एकदा मराठी मंडळाची सहल बर्फाला गेली होती, तेव्हा मोटेलच्या पार्किंगमध्ये सकाळी एका रांगेत फुलाफुलांच्या, मोरांच्या, बुट्ट्याबुट्ट्यांच्या साड्या नेसलेल्या गाड्या उभ्या होत्या म्हणे. एक ऑस्ट्रेलियन आजोबा कॉफीचा कप घेऊन बाहेर आले आणि बघतच राहिले. काकूंनी त्यांनाही एक दिली.

पण काकूंचा सगळ्यात मोठा गुण, किंवा रोग म्हणा, तो विसळण्याचा. ताकाचा ग्लास विसळून पिणं आपण सगळेच करतो. काकू भांडी घासायच्या साबणाची बाटली विसळायच्या, शांपूची विसळायच्या, टोमॅटो सॉसची विसळून ते पाणी आमटीत घालायच्या. तुपाच्या रिकाम्या डब्यात गरम भात कालवायच्या. बाटली संपली असं मी म्हटलं की त्या ती माझ्या हातातून घ्यायच्या, दोन घोट पाणी घालून खुळखुळवायच्या, आणि अजून आठवडाभर पुरवून दाखवायच्या. त्यांच्या घरात काहीही पहिल्या वेळी संपत नसे. फक्त एकच बाटली त्यांनी कधी विसळली नाही. निळ्या पाण्याची बाटली रिकामी झाली की झाकण घट्ट लावून सरळ बाहेरच्या बिनमध्ये. तळाशी चार थेंब दिसत असले तरी. मी एकदा ती सिंकवर नेली तर काकू आतल्या खोलीतून धावत आल्या आणि माझं मनगट धरलं. त्या कधी कोणाला हात लावत नसत.

यावरून आम्ही भाडेकरूंनी एक गोष्ट रचली. काकांचा अपघात झाला असणार. हिवाळ्यात, कुठल्यातरी डोंगराळ रस्त्यावर, काच आंधळी होऊन. निखिलने तर वळण कसं होतं ते सुद्धा ठरवून टाकलं होतं. आम्ही त्या गोष्टीचा इतका आदर करायला लागलो, की काकूंनी विष तपासायला काढलं की आम्ही टीव्हीचा आवाज कमी करायचो. शेवटी एक दिवस मला राहवलं नाही आणि मी हळूच विचारलं. काकूंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अपघात? अगं त्यांना गाडीच चालवता येत नव्हती! शुगरने गेले ते. त्या खुर्चीत बसून, लाडू खाऊन."

"मग हे सगळं…"

"ते सांगेन कधीतरी," म्हणाल्या, आणि कूकरची शिट्टी मोजायला निघून गेल्या.

सांगितलं ते माझी नोकरी ठरली तेव्हा. मी नर्स. सिडनीत हंगामी शिफ्ट करत होते. व्हिसाची मुदत सरत आली होती आणि इथे कायमचं राहायचं तर एकच वाट मोकळी दिसत होती: शहराबाहेर, डोंगराकडच्या एका गावातल्या छोट्या हॉस्पिटलात काम. त्यांनी मला हिवाळा संपेपर्यंत ठेवायचं कबूल केलं होतं. त्यानंतर आवडले तर कायम, नाहीतर नाही, आणि नाही म्हणजे सामान बांधून पुणे. मी आनंदाने गावाचं नाव सांगितलं. काकू पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"मी होते तिथे," त्या म्हणाल्या. "एक हिवाळा."

लग्नानंतर नुकत्याच इथे आल्या होत्या. काकांची नोकरी सिडनीत, आणि काकूंना काम मिळालं ते या गावाच्या लॅबमध्ये, हिवाळाभर, प्रोबेशनवर. एकट्या राहायच्या, गावाबाहेर एका शेडच्या मागच्या खोलीत. पहिल्या थंडीत कोणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी निळ्या पाण्याची बाटली आणली आणि टाकीत ओतली. आणि मग बाटली विसळली. एकदा, मग पुन्हा एकदा, मग राहिलेली टाकी भरावी म्हणून आणखी एकदा. भरपूर नळाचं पाणी घालून.

"केमिस्ट्रीत एमएस्सी मी," काकू लाटण्याने ओट्यावर ठोकत म्हणाल्या. "पाणी घातलं की काय होतं ते मी मुलांना शिकवलेलं. डोक्याला सगळं माहीत होतं गं. हाताला माहीत नव्हतं. आईने बाटली विसळायला शिकवलेली, हाताने विसळली."

दोन दिवसांनी कडक दंव पडलं. समोरून सूर्य, पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल, आणि दांडी ओढली तर घरघर. त्या मान खिडकीबाहेर काढून गाडी रांगवत नेऊ लागल्या. मध्येमध्ये थांबून स्कार्फने काच पुसायच्या, ती आणखीच माखायची. लॅबमध्ये पोचल्या तेव्हा तोंड लाल झालेलं, ओठ हलत नव्हते आणि डॉक्टर एका रिपोर्टसाठी केव्हाचे ताटकळत होते. लॅबचा साहेब रागावला नाही. तेच त्यांना लागलं. तो हसला, खांद्यावर थोपटलं आणि म्हणाला, "नो वरीज, लव्ह. यू'ड बी हॅपिअर समव्हेअर वॉर्म." हिवाळा संपताना पुन्हा तेच वाक्य, आणि हातात हात. झालं, नोकरी संपली.

"रागावला असता तर भांडले असते मी," काकू म्हणाल्या. "बाटली विसळली हे काय सांगणार त्याला? त्याला वाटलं आम्हाला थंडी झेपत नाही. मला सगळं झेपत होतं." मग पोळी तव्यावर टाकून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू टिकायचंस तिथे. कळलं?"

मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला. एका वाक्यावर एवढी वर्षं इतक्या चोखपणे रागावून राहणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आपण चार दिवस कुढतो आणि विसरतो. या बाईने तो राग कामाला लावला, अख्ख्या पेंडल हिलच्या टाक्या भरल्या, आणि कोणाला कळू दिलं नाही.

मी गावात राहायला गेले. नर्सिंगची मॅनेजर हेदर नावाची, उंच, तुटक बोलणारी, तिथल्याच मेंढ्यांच्या शेतावर वाढलेली. पहिल्याच दिवशी तिने मला हॉस्पिटल दाखवलं आणि म्हणाली, "सिडनीहून येतात बरेच. मग पहिलं फ्रॉस्ट पडतं. लेट्स सी हाऊ यू गो." वाईट मनाने नाही म्हणाली. पण सूर तोच होता, काकूंच्या त्या साहेबाचा.

काकू तिथली थंडी माझ्याआधी बघत असत, फोनवर. एका शुक्रवारी संध्याकाळी दारात त्यांची गाडी उभी. सत्तरी उलटलेली बाई पेंडल हिलहून एकटी गाडी चालवत आली होती, मागच्या सीटवर गूळपोळ्यांचा डबा, निळ्या पाण्याच्या बाटल्या आणि एक मोरांची साडी.

"उद्या पडणार," म्हणाल्या. "मला बघायचंय."

आधी त्यांनी माझी गाडी तपासली. दांडी ओढायला लावली. निळं आलं. मग हातपाय धुतले.

सकाळी सगळं गाव पांढरं झालं होतं. कुंपणाच्या तारा, गवत, शेजाऱ्याचं ट्रॅम्पोलिन. मी साडी झटकून मागच्या सीटवर टाकली, काच खाली स्वच्छ निघाली. काकू शेजारी येऊन बसल्या, मफलर, कानटोपी आणि मांडीवर अर्धी भरलेली बाटली. इंजिन चालू करून काच आतून गरम होईपर्यंत त्यांनी मला निघू दिलं नाही. "थंड काचेवर फवारा मारला तर तोही धरतो," म्हणाल्या. वेळेच्या हिशेबात त्यांनी हे सगळं आधीच धरलं होतं, आदल्या संध्याकाळीच माझा गजर बदलून ठेवला होता.

गावाबाहेरच्या रस्त्यावर सूर्य अगदी समोर आला. पुढे मेंढ्यांचा ट्रक. एका उतारावर त्याने वितळलेल्या दंवाचा चिखल उडवला आणि आमची काच एका झटक्यात तपकिरी झाली. काही म्हणजे काही दिसेना. मी वेग कमी केला, दांडी ओढली. क्षणभर काहीच झालं नाही. मी शेजारी बघितलं नाही, पण काकूंनी श्वास धरलाय हे मला कळत होतं. मग निळं आलं. वायपर फिरले, आणि पुढे सगळा रस्ता, कुंपणं, लांबचे डोंगर, लख्ख.

"हं," काकू म्हणाल्या. एवढंच. पण मी त्यांच्याबरोबर इतके दिवस राहिले आहे, मला त्या हुंकाराची किंमत माहीत आहे.

पुढच्याच वळणावर एक मोठी पांढरी गाडी कडेकडेने रांगत होती आणि चालवणारीने मान खिडकीबाहेर काढली होती. हेदर. आम्ही मागे थांबलो. ती वैतागून उतरली, गाल लाल. गेला आठवडाभर समुद्राकाठी मुलीकडे होती, तिथल्या पेट्रोल पंपावर टाकी रिकामी दिसली म्हणून पाण्याने भरली, आणि इथे परतल्यावर विसरून गेली.

"ऑल माय लाइफ आय'व्ह लिव्ह्ड हिअर," ती स्वतःवरच चिडून म्हणाली. "लाइक अ टुरिस्ट!"

काकू उतरल्या. बाई आत्ता हसतील, असं मला वाटलं. तेवढा हक्क त्यांना होता. त्या हसल्या नाहीत. त्यांनी बाटलीतलं निळं पाणी सरळ हेदरच्या काचेवर ओतलं आणि मोरांच्या साडीने काच या कडेपासून त्या कडेपर्यंत पुसली, मग आरसे पुसले, मग दिवेही. "इट हॅपन्स," म्हणाल्या. "टू क्लेव्हर पीपल ऑल्सो." बाटली रिकामी झाली. त्यांचा हात सवयीने हेदरच्या गाडीतल्या पाण्याच्या बाटलीकडे गेला, विसळायला. तिथेच थांबला. त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं आणि झाकण घट्ट लावलं.

हेदर साडीकडे बघत होती. "यू फ्रॉम अप हिअर?" तिने विचारलं.

"आय वर्क्ड हिअर. इन द लॅब. लाँग टाइम अगो. वन विंटर."

"ओन्ली वन?"

काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ओला, निळा, गारठलेला हात. "शी इज डूइंग द रेस्ट," म्हणाल्या.

त्या दिवशी मी शिफ्टला वेळेवर पोचले, आणि हेदर माझ्या मागोमाग. तिने वॉर्डात कोणाला काही सांगितलं नाही, मीही नाही. काकू रविवारी परत गेल्या. मोरांची साडी हेदरला देऊन गेल्या, वापरायची कशी ते दोनदा समजावून.

उरलेला हिवाळा मी एकटीने काढला. दंव पडलं, पाइप गोठले, एकदा रस्ताच बंद झाला तेव्हा दोन शिफ्ट सलग केल्या. उशीर मात्र एकदाही झाला नाही. हिवाळा सरला, वॅटलच्या झाडांना पिवळी फुलं आली तेव्हा हेदरने मला तिच्या खोलीत बोलावलं. खिडकीतून तिची गाडी दिसत होती, थंडी सरली तरी काचेवर मोर. ती नेहमीसारखीच तुटक, एकच वाक्य बोलली, आणि कॉफी घेणार का विचारलं.

मी पार्किंगमध्ये येऊन काकूंना फोन लावला. तिकडे नळाचा आवाज येत होता, काहीतरी विसळणं चाललं होतं.

"काकू, झालं. ठेवलं मला. कायम."

नळ बंद झाला.

"परत सांग."

मी परत सांगितलं.

"असं नाही. तिने इंग्रजीत काय म्हटलं ते सांग. जसंच्या तसं."

मी गाडीला टेकले आणि हेदर म्हणाली होती तसंच म्हणाले, "वी'ड लाइक यू टू स्टे."

मग काकू स्पष्ट, स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "थँक यू व्हेरी मच. आय विल." आणि हे त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.